मालनबाईच्या घरातला पहिला रुसवा

कुरुंद्यात माझी पिठाची गिरणी आहे आणि गिरणीला लागूनच मालनबाईचं घर. त्यामुळे तिच्या घरात कोण आलं, कोण गेलं, कशावरून वाजलं, हे मला कान न टवकारता कळतं. गिरणीचा पट्टा फिरत असला तरी मालनबाईचा आवाज त्याच्या वरून येतो. बाई बोलायला फटकळ आणि कामाला वाघीण. हळदीच्या दिवसांत पहाटे निघते ती दिवस मावळताना पिवळ्या हातांनी परत येते. नवरा जळबा बरोबर उलटा. दिवसात चार वाक्यं बोलावी लागली तरी दमतो.

या दोघांना मूलबाळ नाही. त्याचं दुःख मालनबाईनं चारचौघांत कधी मांडलं नाही. पण दळण टाकायला आलेल्या बायांच्या कडेवरचं लेकरू ती न विचारता घ्यायची आणि द्यायची वेळ आली की तिच्या जिवावर यायचं, हे मी पाहिलेलं आहे.

करुणा ही तिच्या भावाची नात. पोरगी पाच वर्षांची असताना तिचे आईबाप ऊसतोडीला जाताना ट्रॅक्टर उलटून गेले. मयतानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी भाऊबंद बसले आणि म्हणाले, जिल्ह्याच्या गावी बालगृह आहे, तिथं टाकू. तिथं पोटभर जेवण आहे, शाळा आहे, धड कपडे आहेत. आपल्याकडं काय आहे? सगळ्यांनी माना हलवल्या. आमच्याकडचा गरीब माणूस लेकरू संस्थेत टाकतो ते काही माया आटली म्हणून नव्हे. आपल्या पत्र्याच्या घरापेक्षा ते पक्कं घर चांगलं, असं त्याला मनापासून वाटतं. चुकतो बिचारा, पण चांगल्या मनानं चुकतो. मालनबाई त्या दिवशी गप्प बसली, कारण थोरली माणसं बोलत होती.

गप्प बसणं तिच्या अंगी लागत नाही. वर्षभरात ती बेचैन झाली. भेटीच्या दिवशी धपाटे बांधून जायची. तिथल्या नियमाप्रमाणे बाहेरून आलेला खाऊ सगळ्या मुलींना सारखा वाटला जायचा, म्हणजे करुणाच्या वाट्याला एक तुकडा. मालनबाई घरी येऊन मला म्हणाली, "सोमेश्वरभाऊ, तिथं कोणाला उपाशी ठेवत न्हाईत. तकलीफ काहीच न्हाई. पण माझ्या हातचं धपाटं माझ्याच लेकराला तोडून देऊन राहिले. तिचं म्हणून तिथं कायबी न्हाई हो."

मग पुढची दोन वर्षं तिनं जे हेलपाटे घातले, त्यात तिच्या चपला आणि जळबाचा धीर दोन्ही झिजले. शेवटी बालकल्याण समितीनं लेकरू दिलं, पण कायमचं नाही. काही महिने ठेवा, आमच्या शिलाताई अधूनमधून येऊन बघतील, लेकरू घरात रुळलं असं त्यांना वाटलं तर तुमचं, नाही तर परत. शिलाताई म्हणजे या कामावरच्या अधिकारी. बाई समजूतदार, पण त्यांच्या एका शब्दावर सगळं अडलेलं. मालनबाई त्यांना जेवढी मानायची, तेवढीच घाबरायची.

करुणा आली तेव्हा आठ वर्षांची होती, आणि गल्लीनं तिला बघून तोंडात बोट घातलं. काय शहाणी पोर! पहाटे उठून अंथरूण घडी घालायची. ताट स्वतः धुवायची. पाणी प्यायचं तरी विचारायची, "मी पाणी घेऊ का?" रडणं नाही, हट्ट नाही, मागणं नाही. मी एकदा तिच्या हातावर गोळी ठेवली तर म्हणाली, "सगळ्यांना आहेत का?" आमच्या बायका आपापल्या पोरांना धपाटे घालत म्हणायच्या, "बघ जरा तिच्याकडं, शिक काहीतरी!"

एकटी मालनबाई खूश नव्हती. एका सकाळी पोरीची वेणी घालताना तिच्या मानेला हात लागला तर चटका बसला. अंग तापानं फणफणलेलं. कालपासून.

"अगं, सांगितलं काहून न्हाई?"

"डॉक्टर गुरुवारी येतात ना," करुणा म्हणाली. बालगृहात ते त्याच वारी यायचे.

मालनबाई माझ्या उंबऱ्यावर येऊन बसली आणि पदरात तोंड घालून रडली. दुखलं तर हाक मारायची असते, हेच त्या लेकराला ठाऊक नव्हतं. तिथं काळजी घेणाऱ्या बाया होत्या. पण त्यांची पाळी बदलायची आणि त्या घरी जायच्या, आपापल्या लेकरांकडे. करुणानं मग कोणाच्या नावानं रडावं? मी माणूस तसा कोरडा, पण त्या दिवशी मला त्या शहाणपणाची चीड आली.

पुढं या नवराबायकोनं जी चूक केली, तिला हसावं की रडावं कळत नाही. त्यांना वाटलं, लेकराचं मन लागत नाही कारण आपलं घर बालगृहासारखं नाही. मग घराचं बालगृह करायला घेतलं! शाळेतल्या प्रमोद गुरुजींकडून वेळापत्रक लिहून आणून भिंतीला चिकटवलं. करुणा हाक मारल्याशिवाय जेवायला यायची नाही, तिथं घंटा व्हायची म्हणून. तर जळबानं बैलाच्या गळ्यातली घंटा सोडली आणि दोन्ही वेळा अंगणात उभं राहून वाजवू लागला. पहिल्या दिवशी शेजारची बकरी आली. गल्ली पोट धरून हसली. "जळबा, आता आमाला बी जेवायला वाढ!" तो मुकाट्यानं घंटा वाजवत राहिला. करुणा हात धुऊन यायची, जेवायची, ताट धुवायची. आणि शिलाताई आल्या की त्यांच्या प्रश्नाला एकच उत्तर, "तुम्ही सांगाल तिथं राहीन." शिलाताई मान हलवून निघून जायच्या. त्यांच्यामागं मालनबाईला दिवसभर घास उतरायचा नाही.

मग शाळेचं गॅदरिंग आलं. करुणा नाचात होती. मालनबाईनं सांगून टाकलं, "मी येणार. पुढं बसणार."  मग दोन दिवस पोरगी गिरणीच्या दाराशी उभी राहून मला सांगत होती, "आजी पुढं बसणार आहे." मी विचारलंही नव्हतं, तरी सांगत होती.

नेमक्या त्याच दिवशी मालनबाईला हळद शिजवायच्या कामावर बोलावणं आलं. दुपारी सुटू, मग शाळेत जाऊ, असा तिचा हिशेब. पण हळद शिजली की ती लगेच काढून उन्हात पसरावी लागते, तिला थांबवता येत नाही. मशीन मध्येच बिघडली, काम लांबलं. मालनबाई शाळेत पोचली तेव्हा मांडववाला कनाती सोडत होता.

इकडं घरी शिलाताई आलेल्या. न सांगता येतात त्या. करुणा ओठाला लाली, केसात गजरा, अशी कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसलेली. जळबा हात जोडून दारात. मी गिरणी बंद करून गेलो, कारण मला राहवेना.

मालनबाई धापा टाकत आली. हात कोपरापर्यंत पिवळे, साडीला चिखल.

"करुणा, बाळा..."

पोरगी गर्रकन वळली. जळबानं वाढून ठेवलेलं ताट तिनं असं भिरकावलं की भाकरी चुलीपाशी आणि वरण शिलाताईंच्या पायाशी.

"तू खोटारडी हायस! येते म्हणली होतीस! समद्यांच्या आया आल्त्या, समद्यांच्या! मी नाचताना नुसती तुलाच बघून राहिले होते. माझ्या स्टेपा चुकल्या. तू काहून न्हाई आलीस?"

आणि तिनं गळा काढला. नाक वाहतंय, काजळ पसरलंय, पाय आपटतेय. वस्तीतल्या कोणत्याही लेकरानं काढावा तसा गळा.

मी मनात म्हटलं, संपलं. इतक्या दिवसांची शहाणी पोर, आणि हा तमाशा नेमका अधिकाऱ्यापुढं! जळबा चार वाक्यांचा कोटा मोडून बोलायला लागला, "म्याडम, एरवी लई गुणाची हाय हो. आजच काय झालं कळंना. माफी करा, आमी समजावून सांगतो तिला..."

मालनबाई सफाई देत बसली नाही. ती पोरीपुढं जमिनीवर बसली. पोरगी तिच्या खांद्यावर बुक्क्या मारत होती आणि मालनबाई त्या खात होती. "मार. चुकलं माझं. अजून मार." रडतही होती आणि तिच्या तोंडावर हसूही होतं. मला वाटलं, बाईचं डोकं फिरलं.

शिलाताईंनी पायावरचं वरण पुसलं. मग शांतपणे विचारलं, "करुणा, एवढा राग आलाय तर माझ्याबरोबर येतेस का? परत तिकडं?"

मालनबाईचे हात जिथल्या तिथं थांबले. 

करुणानं शिलाताईंकडे असं बघितलं, जणू त्यांनीच काहीतरी अडाण्यासारखं विचारलं. "मी काहून येऊ?" ती हुंदके देत म्हणाली. "मी हिच्याशी बोलणार न्हाई. उद्या बी न्हाई. परवा बी न्हाई. पुढच्या गॅदरिंगपर्यंत बोलणार न्हाई!" आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसली.

शिलाताईंना हसू आवरेना. डोळे मात्र ओले. "म्हणजे पुढचं गॅदरिंग इथल्याच शाळेत," त्या उठत म्हणाल्या. "मालनबाई, इतक्या मुलांना भेटते मी. परक्यावर कोणी असं रुसत नाही. समितीला मी काय सांगायचं ते सांगते. तुम्ही आधी हिची समजूत काढा."

समजूत पटायला दुसऱ्या दिवसाची दुपार उजाडली. तोवर मालनबाई कामावर गेली नाही. गिरणीत दळण टाकायला आलेल्या एकेका बाईला ती थांबवत होती, आणि पोरीचं लग्न ठरल्यावर आई ज्या तोऱ्यात सांगते त्याच तोऱ्यात सांगत होती, "आमची करुणा रुसलीय माझ्यावर. लई रुसलीय बाई, तोंडसुद्धा बघंना माझं!"