कडूबाईचा हात

अणदुरात कुणाकडं लग्न निघालं, की पहिला सांगावा कडूबाईला जायचा. का? तर तिच्या हाताला चटका लागत न्हाय म्हणून! चुलीवरचं धगधगतं पातेलं ती बिनफडक्याचं उतरवायची. शेजारच्या अयोध्येकडं विस्तू मागायला जायची ती मोकळ्या हातानं, आणि निखारा तळव्यावर घेऊन गप्पा हाणत परत यायची. बाया तोंडात बोट घालायच्या. "खंडोबाची कृपा हाय आक्कावर," म्हणायच्या. नवरा गेल्यावर लोकांच्या चुली सांभाळूनच तिनं पोराला वाढवलं होतं. ते कौतुक तिच्या रोजीरोटीचं होतं.

पोरगा महारुद्र सोलापूरच्या कॉलेजात बी.एस्सी.ला होता. बासष्ट-त्रेसष्ट साल असंल. "एवढा शिकतो, आन करतो काय? तर बेडकं फाडतो!" असं माय सगळ्यांना हसत सांगायची, पण सांगताना छाती फुगायची. आणि पोरगा होताच हुशार. प्राध्यापकांनी 'कुष्ठरोग आणि समाज' या विषयावर निबंध लिहायला सांगितला, त्यात यानं पहिला नंबर मारला. रोग्याला दूर लोटणाऱ्या अडाणी समाजाची त्यानं अशी काही खरडपट्टी काढली, की विचारू नका. पठ्ठ्या आठ दिवस हवेत होता.

मग एक पाहुणे डॉक्टर त्याच रोगावर व्याख्यान द्यायला आले. म्हणाले, "हा रोग दुखत नाही, हीच त्याची लबाडी. कातडी बधिर होते, भाजलं तरी कळत नाही. एखादी बाई गरम भांडं नुसत्या हातानं उचलते, आणि घरचे तिचं कौतुक करत बसतात. तिला आमच्याकडं आणा. गोळ्या आहेत. वेळेवर आली तर बोटं वाचतील."

महारुद्रला मायचा हात आठवला. पुढचं त्याला काही ऐकूच आलं नाही. वह्या बाकावर तशाच टाकून त्यानं थेट एस.टी. स्टँड गाठलं.

घरी आला तर माय भाकरी थापत होती. "अगं बया, असा अवचित कसा रं?" तिला आनंद मावेना. त्यानं दारच्या कुंपणाच्या कुपाटीची एक बाभळीची काटी मोडून आणली आणि म्हणाला, "माय, डोळं मीट. म्या कुठं टोचतो ते सांग."

"काय खुळ्यावानी करतूस?" म्हणत तिनं हसत डोळे मिटले, हात पुढं केला. त्यानं करंगळीखाली काटा टोचला. ती गप्पच. त्यानं आणखी दाबला. रक्ताचा टिपूस वर आला.

"आता टोच की रं लवकर," माय म्हणाली. "भाकर करपायली माझी!"

महारुद्रनं काटा उपसला. तिनं डोळे उघडले, रक्त बघितलं, पदराला पुसलं, आणि फुगलेली भाकरी बोटांनीच उचलून त्याच्या ताटात टाकली.

"माय, उद्या सोलापूरला दवाखान्यात जायचं," तो कसाबसा म्हणाला. "तुझ्या हाताला रगतपिती हाय, डॉक्टर कुष्ठरोग म्हणत्यात तीच. गोळ्यांनी बरं होतंय. पर गावात कुणाला कळू द्यायचं न्हाय. कळलं तर तुला चुलीपाशी उभं करणार न्हाईत."

कडूबाईनं थापायला घेतलेला पिठाचा गोळा परातीत टाकला. आपला हात उलटासुलटा करून बघत राहिली, जणू दुसऱ्याच कुणाचा होता. "खंडोबाची कृपा म्हणत व्हते की रं समदे," एवढंच पुटपुटली. मग तिची नजर पोराच्या ताटाकडं गेली. गरम भाकरीवर जीव टाकणारं हे पोरगं, आणि भाकरीचा तुकडासुद्धा मोडलेला नव्हता!

तोही ताटाकडंच बघत होता. हात उचलायचा म्हणत होता आणि हात उचलत नव्हता. अरे, कुठं गेला तो निबंध? स्वतःचीच त्याला शिसारी आली.

मायनं पदर हातावर घेतला, पदरानंच ताट बाजूला सारलं आणि दारात जाऊन हाक मारली, "अयोध्ये! माझ्या लेकराला तुझ्या हातची भाकर दे गं. उपाशी हाय त्यो. माझ्या हाताला रगतपिती लागलीया."

"माय, गप!" महारुद्र ओरडला. झडप घालून त्यानं ताट ओढलं, अर्धी भाकरी मोडून तोंडात कोंबली. "हे बघ, खातूय म्या! खातूय की!"

माय वळली नाही. समोर अयोध्या दारात आली होती. ती तशीच माघारी फिरली आणि तिनं आतून कडी घातली.