पेरणी सोडून आणलेली साडी

आमच्यात वाढदिवस फक्त शाळेच्या दाखल्यावर असायचा. माझा जुलैच्या पहिल्या तारखेचा, म्हणजे नाव घालताना गुरुजींनी त्यांच्या सोयीने ठरवलेला. आई म्हणायची, तू तर कापूसवेचणीच्या दिवसांतली. लग्न होऊन वर्ध्याला आले, शाळेत नोकरीला लागले, तरी माझा वाढदिवस कोणी केला नाही आणि मला त्याचं काही वाटलंही नाही.

आणीबाणी उठली त्या वर्षी, ऐन पेरणीत, माझा थोरला भाऊ माहेराहून, हिंगणीहून, एसटीने आला. ओट्यावर चिखलाचे पाय धुतले आणि साडीचं खोकं माझ्या हातात ठेवलं.

"काऊन दादा? आज काय आहे?"

"तुहा वाढदिवस नाई का!"

भाऊबीजेला ब्लाउजपीसवर भागवणारा हा माणूस, आणि पेरणी सोडून आलेला! माझ्या मनात पाल चुकचुकली. वडील गेल्यावर त्यांच्या शेतात माझाही हिस्सा होता आणि मी तो अजून सोडला नव्हता. आमच्याकडे बहिणीला साडीचोळी करतात आणि त्याच पाहुणचारात हिस्सा सोडल्याची तिची सही घेतात. मला शेताची हाव नव्हती. पण सही झाली की माहेर आपल्याला विसरतं, हे मी शेजारणीचं पाहिलं होतं. मला माहेर हवं होतं. आई तिथे होती.

साडी मी नेसले नाही, ट्रंकेत टाकली. निघताना दादाला वर्ध्याच्या गोरसपाक बिस्किटांचा डबा दिला, म्हणजे फिट्टंफाट. आमचे हे चिडवायचे, "नेस की, शेत काही तिच्या पदराला बांधलेलं नाही." मी म्हणायचे, तुम्हाला माझा भाऊ माहीत नाही.

पुढच्या जुलैत पुन्हा साडी. त्याच्या पुढच्या जुलैतही. दादा चहा प्यायचा, मागच्या खोलीत डोकावायचा. "इथं ऊन येते का बाई? संडास घरातच आहे, हे बरं केलं." मी ताठ बसून सहीचा विषय निघायची वाट बघायची. उत्तर पाठ होतं. त्याने विषय काढलाच नाही, त्यामुळे माझा संशय आणखी बळावला.

चौथ्या वर्षी तो साडीशिवाय आला. सोबत आई होती, तिच्या हातात गाठोडं.

"म्हणलं, यंदा तुह्या वाढदिवसाले मायलेच आणाव."

मी इतकी हरखले की संशय घ्यायचाच विसरले. शिरा केला. जेवून दादा उठला. "पेरणी आहे. राहू दे तिले दोन-चार दिवस, मी येतो न्याले." आणि तो आईच्या पाया पडला. एरवी बाहेरगावी जाताना सांगूनही न जाणारा दादा पाया पडला, हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा एसटी निघून गेली होती.

पोळा गेला, दिवाळी गेली. दादाचे निरोप यायचे: कापूस आहे, गहू आहे, वहिनीला बरं नाही. आई गाठोडं मोडायची नाही. लागेल ते लुगडं काढायची, धुऊन वाळवून, घडी करून पुन्हा आत बांधायची. मी कपाटातली एक फळी रिकामी करून दिली तर म्हणाली, "कायले? तो येऊनच राह्यला." मला भावाचा असा संताप यायचा, आणि तिच्यासमोर तो गिळावा लागायचा. मी शेतावर पहारा देत बसले होते आणि त्याने माहेरच उचलून माझ्या दारात आणून ठेवलं होतं. सही न मागता. तरी आई आली याचा आनंदही होता, तो का लपवू?

पुन्हा जुलै आला. आई सकाळीच आंघोळ करून, गाठोडं मांडीशी घेऊन ओट्यावर बसली. दादा आला. पिशवीतून त्याने दोन खोकी काढली. एक माझ्या हातात दिलं, दुसरं आईच्या.

"माय, हे तुले."

घरी असताना तो तिला लुगडं आणायचा ते बाजारातून, कागदात गुंडाळून, आणि रंग जाईल म्हणून ती त्याला चार शब्द सुनवायची. आज तिने झाकणही उघडलं नाही. खोक्यावरून नुसता हात फिरवला.

"असं खोक्यातलं तर लेकीले देतात," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या घरी देल्ली तिले."

 आई उठून मागच्या खोलीत गेली आणि तिथून मला हाक मारली.

"बाई, ते फळी रिकामी आहे का अजून?"

मी गेले तेव्हा ती खाली बसून गाठोड्याची गाठ सोडत होती.