लाल जाकिटातली डोरीन

माझे भाऊजी क्लिफ टायसन इंग्लंडमधल्या केसविक या डोंगराळ भागातल्या गावी पोस्टमन होते आणि रविवारी डोंगरांचे फोटो काढायचे. समोर माणूस असल्याशिवाय डोंगराची उंची कळत नाही आणि लांबून लाल रंगच उठून दिसतो, असं त्यांचं ठाम मत. म्हणून माझ्या बहिणीला, डोरीनला, त्यांनी लाल जाकीट घेऊन दिलं आणि जन्मभर पुढे पिटाळलं.

"अजून लांब जा! पाठ कर माझ्याकडे!"

ऊन पडेपर्यंत ती बिचारी वाऱ्यात कुडकुडत उभी राहायची. मी बरोबर असले की मला तिच्याजवळच्या दगडी कुंपणामागे लपायला लावायचे, कारण दोन माणसं त्यांना चालत नसत. परतताना मी तडकायचे, "भाऊजी, बायको आहे ती, बुजगावणं नव्हे!" ते नुसते हसायचे.

गेल्या मार्चमध्ये डोरीन गेली. शवपेटीवर ठेवायला फोटो हवा म्हणून आम्ही दोघांनी सगळी खोकी उपसली. बर्फातला स्किडॉ डोंगर निघाला, धुक्यातला ब्लेंकाथ्रा डोंगर निघाला. प्रत्येक फोटोत डोरीन होती, तांदळाच्या दाण्याएवढी, पाठमोरी. भाऊजी भिंग लावून बघत राहिले. चेहरा एकातही नव्हता.

"ती तिथून काहीतरी ओरडायची," ते म्हणाले. "वाऱ्यात मला कधी ऐकू आलं नाही. तू तर जवळ असायचीस. काय म्हणायची गं?"

खोटं सांगावंसं वाटलं, पण जमलं नाही.

"म्हणायची, 'क्लिफ, तूही ये ना रे इकडे.'"