दोघींचं एकच माप

माझी जुळी बहीण माझ्यापेक्षा घटकाभर आधी जन्मली आणि तेवढ्यावर आयुष्यभर थोरलेपण गाजवत आली. दिसायला आम्ही इतक्या सारख्या, की आई बांगड्या भरायला एकीलाच बसवायची. कासारीण माझ्या हाताचं माप घ्यायची आणि तिच्याही बांगड्या देऊन जायची.

लग्न होऊन ती शिरोलीला गेली, लोखंड ओतायच्या फौंड्र्यांच्या शेजारी. मी गारगोटीला. चाळिशीनंतर तिची बोटं सुजायला लागली, सकाळी मूठ वळेना. संधिवात. मी तिला दवाखान्यात घेऊन गेले आणि डॉक्टरांना भांडल्यासारखं विचारलं, "रक्तमांस एक, मग हिलाच का?"

"जीन्स दोघींचे तेच आहेत," ते म्हणाले. "पण त्यांच्यावर आयुष्यभर रासायनिक खुणा बसत जातात. घरातलं वायरिंग तेच, कुठलं बटण चालू आणि कुठलं बंद, ते या खुणा ठरवतात. यांच्या सांध्यांत सुजेची बटणं बंद व्हायचीच विसरलीत." धूळ, धूर, ताण; नेमकं कशानं, ते सांगता येत नाही म्हणाले. "आणि माझी बटणं?" या प्रश्नावर नुसतं "काळजी घ्या." मला असा संताप आला!

त्यानंतर मला तिच्याकडे बघायची भीती वाटायला लागली. चेहरा माझाच, आणि मांडीवर ते वाकडे हात. आरशासमोर उभी राहिले की मी आधी बोटं बघायची, मग तोंड.

परवा तिच्या लेकीच्या लग्नासाठी मी शिरोलीला गेले, तिथं कासारीण घरी आली. बहिणीचा हात धरला आणि दचकली. "अक्का, हात लई गरम हाय की. मोठ्या मापाच्या भरूया." तिचा हिरवा चुडा भरून झाल्यावर मी पुढं बसले, नेहमीच्या मापाला.

पहिलीच बांगडी बोटांच्या मुळाशी अडली.

"हात ढिला सोडा की," कासारीण म्हणाली. मी सोडलेलाच होता. कळ कोपरापर्यंत गेली. समोर बसलेल्या बहिणीचा चेहरा दुखल्यासारखा आवळला. माझ्या तोंडावर काय उमटलं होतं, ते मला तिच्या तोंडावर दिसलं.

ती सरकत जवळ आली. आपल्या सुजलेल्या बोटांनी तिनं माझ्या हातातली बांगडी हळूहळू मागं काढली.

"हिलाबी माझ्याच मापाच्या भर," ती कासारणीला म्हणाली. "आमचं माप पयल्यापासनं एकच हाय."