अण्णांची गाडी धूर का सोडते?

जुनी गाडी बाळगणाऱ्या माणसाच्या डिकीत एक वेळ जॅक सापडणार नाही, पण किस्से मात्र खच्चून भरलेले असतात! नाशकात आम्ही असे चार-पाच जण आहोत. रविवारी सकाळी गंगापूर रोडला गाड्या लावायच्या, चहा प्यायचा आणि कुणाचं काय बिघडलं ते ऐकायचं. त्यात बाई मी एकटीच. वडिलांची गाडी माझ्याकडे आली आणि तिच्याबरोबर हे येडपण पण!

मधे बरेच दिवस आमच्याकडे विषय एकच होता. अण्णांच्या गाडीचा धूर.

अण्णा मखमलाबादचे. त्यांची फुलशेती आहे, झेंडू, गुलाब, शेवंती. गाडी दुधी रंगाची, गिअर स्टिअरिंगलाच. काही दिवस अगदी शहाण्यासारखी चालायची, आणि मग अचानक असा लोट सोडायची की मागचा स्कूटरवाला दिसेनासा व्हायचा. आणि पुन्हा काहीच नाही! कारण कुणालाच कळेना.

* * *

एकदा संध्याकाळी मी अण्णांबरोबर त्यांच्या गाडीतून पंचवटीतल्या एका गल्लीतून चालले होते. गाडीनं सोडला लोट! मागे पोरं ओरडत धावायला लागली. एक बाई लगबगीनं बाहेर आल्या आणि थेट खिडकीशी वाकल्या.

"अहो, दर वेळी पुढच्या पुढंच जाता! आमच्या मागच्या बोळात पण मारा की, लय डास झालेत!"

महापालिकेची धूर फवारणारी गाडी समजल्या त्या!

मला वाटलं, आता अण्णा भडकणार. तर या भल्या माणसानं गाडी रिव्हर्स घेतली, बोळातून एक चक्कर मारली, आणि बाईंना अदबीनं विचारलं, "एवढं बास का?"

* * *

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण रेवतीचं लग्न ठरलं. रेवती अण्णांची एकुलती एक लेक. मंदावहिनींना अण्णांनी लग्न करून आणलं ते याच गाडीतून. रेवती दवाखान्यातून घरी आली तीही याच गाडीतून. सासर मिळालं वणीचं, आणि पोरीनं जाहीर करून टाकलं, "मी सासरी जाणार तर आपल्याच गाडीतून!"

वहिनी म्हणाल्या, "हां, आन् धुरानं काळी ठिक्कर होऊन उतर! धूर बंद झाला तर ही गाडी. नायतर भाड्याची आणू, एसीवाली."

त्या रविवारी अण्णांचा चहा तसाच गार झाला. मला म्हणाले, "ताई, पोरीनं आजवर काय मागितलं नाय हो. एवढं एकच मागितलं." माणूस अगदी कासावीस झाला होता. मलाही फार वाईट वाटलं.

* * *

वामनमिस्त्रींचं गॅरेज नाशकातच, द्वारका चौकाजवळ. नुसता आवाज ऐकून इंजिनाची कुंडली मांडतो, असा त्यांचा दावा. पण गाडी त्यांच्या दारात गेली की धूर गायब! रात्रभर खोकणारं पोरगं डॉक्टरसमोर गप्प बसतं ना, तसं.

मिस्त्रींनी ॲक्सिलरेटर दाबून दाबून पाहिला. कणभर धूर नाही. मग विचारलं, "अण्णा, ऑइल बघता का वेळच्या वेळी?"

"म्हणजे काय! रोज! चहाच्या आधी!"

मिस्त्री खूश. ऑइलचा विषय तिथेच मिटला.

"मग गाडी ठणठणीत आहे. तुम्हीच एकदा बीपी दाखवून या."

* * *

पुढच्या वेळी मिस्त्रींनी फर्मान काढलं, "धूर आला की लगेच फोन करा आणि फक्त रंग सांगा. काळा असला तर पेट्रोल जास्त, पांढरा असला तर पाणी, निळा असला तर ऑइल. सोपं आहे!"

सोपं कसलं! धूर आला, फोन लागला. अण्णा म्हणाले निळा. मी म्हटलं पांढरा. आमची जुंपली. शेवटी वहिनींनी फोन हिसकावला.

"ओ मिस्त्री, यांना काय कळतंय रंगातलं! माझ्या भाचीनं, सुमीनं, साखरपुड्याला पैठणी नेसली व्हती ना येवल्याची? डिट्टो तोच कलर!"

पलीकडून मिस्त्री म्हणाले,

"वहिनी, गाडी राहू द्या. सुमीला घेऊन या!"

* * *

मग वहिनींचे भाऊ आले. बाबूमामा. यांचं निदान पहिल्या मिनिटात तयार, "दृष्ट लागलीय!" बॉनेटवरून मीठ-मिरच्या उतरवल्या आणि तिथेच अंगणात पेटवल्या. असा ठसका, असा ठसका! शेजारी खोकत बाहेर पळाले. गाडी मात्र मधोमध उभी, एकदम स्वच्छ.

रेवती डोळे पुसत म्हणाली, "मामा, आज पहिल्यांदाच घरात हिच्यापेक्षा जास्त धूर कुणीतरी केला!"

* * *

लग्न तोंडावर आलं. वहिनींनी भाड्याच्या गाडीवाल्याला फोन लावायला घेतला, तेव्हा अण्णांनी शेवटचा उपाय म्हणून मिस्त्रींना घरीच बोलावलं. "तुमच्याकडं ती लाजती. इथं येऊन बघा."

आता घरी आलेला माणूस न जेवता जाईल तर शप्पथ! ओसरीवर पानं मांडली. पुरणपोळ्या. मिस्त्री जेवतायत, समोर उतरत्या अंगणात गाडी उभी, आणि वहिनींचा आग्रह सुरू. "एक घ्या." "नको हो." "बरं, अर्धी." "अहो, नको!" "तूप तरी!"

अण्णा हात धुऊन गाडीकडे गेले. बॉनेट उघडलं, ऑइलची पट्टी काढून बघितली. "कमीच दिसतंय जरा." ओतलं थोडं.

ते गोठ्याकडे वळले न वळले, तोच बाबूमामा आले. पट्टी बघितली, चुकचुकले, ओतलं थोडं.

मग वहिनी पोळ्यांचं ताट खाली ठेवून गेल्या. पदराआडून एक छोटा डबा काढला, आणि त्यांनीही ओतलं थोडं!

मिस्त्रींचा घास हातातच राहिला. "थांबा! सगळे इकडे या! हिला ऑइल कोण कोण घालतं?"

तिघंही एकमेकांकडे बघायला लागले. प्रत्येकाला वाटत होतं, गाडीची काळजी फक्त आपल्यालाच! उतारावरच्या गाडीत पट्टीवर ऑइल कायम कमी दिसायचं, म्हणून ज्याचा त्याचा हात सुटायचा. जास्तीचं झालं की जळायचं, धूर व्हायचा. जळून संपलं की धूर बंद. गॅरेज गाठेपर्यंत तर सगळा निकाल लागलेला असायचा.

मिस्त्री ताटावर दोन्ही हात आडवे धरून ओरडले, "अहो, माझ्यासारखीच ती पण नको-नको म्हणतीय आणि तुम्ही वाढताय! मला ढेकर येतो, तिला धूर येतो!"

गाडी ढकलत सपाटीवर आणली. चांगलं तांब्याभर ऑइल काढलं. त्र्यंबकेश्वरला जाऊन आलो, एक धागा धुराचा निघाला तर शपथ! अण्णांनी रस्त्यातच मिस्त्रींना मिठी मारली. भाड्याची गाडी रद्द झाली.

* * *

लग्नाच्या दिवशी अण्णांनी स्वतःच्या शेतातल्या फुलांनी गाडी सजवली. पाठवणीची वेळ झाली. अण्णा ऐटीत स्टिअरिंगवर बसले, चावी फिरवली, आणि आरशात मागे बसलेली लेक दिसली.

संपलं! चावी बंद केली. पुन्हा सुरू केली. पुन्हा बंद. डोळ्यांना धारा लागलेल्या, समोरचा रस्ता दिसेना.

रेवती खाली उतरली. अंगावर शालू, कपाळावर मुंडावळ्या. तिनं दार उघडलं.

"बाबा, मागं बसा. मी चालवते."

अण्णांनी ती गाडी जन्मात कुणाच्या हाती दिली नव्हती. मुकाट्यानं मागे जाऊन बसले. जावईबापू पुढे. मी वहिनींना घेऊन माझ्या गाडीतून पाठोपाठ. वणीपर्यंत अशी गाडी हाणली पोरीनं, आम्ही बघतच राहिलो!

वणीला विहीणबाई दारात ओवाळणीचं तबक घेऊन उभ्या. उंबऱ्यावर माप ठेवलेलं. गाडी थांबली. ड्रायव्हरच्या सीटवरून रेवती हसत हसत उतरली. आणि मागच्या दारातून जावईबापूंचा हात धरून अण्णा उतरले, उपरणं तोंडाला लावून, हुंदके देत.

विहीणबाईंनी एकदा रेवतीकडे बघितलं, एकदा अण्णांकडे बघितलं. तबक हातात तसंच.

"अगं बाई! मंग ओवाळायचं कुणाला?"