दिसलं नाही, तर वर जायचं

गायधनी सरांची आणि माझी पहिली भेट नव्वदच्या दशकात, नाशिकजवळच्या आमच्या वैमानिक प्रशिक्षण शाळेच्या छोट्या धावपट्टीवर झाली. खाकी अर्धी चड्डी घातलेले एक गृहस्थ तिथे शेळ्या हाकलत होते. मी विचारलं, ‘‘मामा, मुख्य प्रशिक्षक कुठे भेटतील?’’

‘‘ही शेवटची शेळी गेली, की भेटतील,’’ ते म्हणाले.

सरांच्या पंच्याहत्तरीनिमित्त लिहायला बसले आणि आधी ही फजितीच आठवली.

आमच्याकडे कंट्रोल टॉवर नव्हता. ढगातून उतरताना वाट सांगणारं, परवानगी देणारं कोणी नाही. विमानातल्या उपकरणांच्या काट्यांकडे बघत ठरलेल्या मार्गाने ठरलेल्या उंचीपर्यंत यायचं. धावपट्टी दिसली तर उतरायचं, नाहीतर पुन्हा वर जायचं. आसपास दुसरं विमान असलं तर त्याला कळावं म्हणून प्रत्येक टप्पा रेडिओवर सांगायचा. मी मराठी शाळेतली. इंग्रजीत बोलताना माझी बोबडी वळायची. सरांनी महिनाभर रोज संध्याकाळी मला घरी बोलावलं. अंगणात तुळशीभोवती फिरवत ते माझ्याकडून ती वाक्यं घोटून घेत. शेवटी काकूच ओरडायच्या, ‘‘अहो, पोरीला जेवायला तरी उतरू द्या!’’

माझ्या अंतिम चाचणीचे परीक्षकही सरच होते. पास झाले तर नोकरी ठरलेली होती, नापास झाले तर ती गेलीच. टोमॅटो आणि झेंडू पिकवणारे माझे वडील, अण्णा, अर्धी भावकी जीपमध्ये कोंबून पेढ्यांसह सिन्नरहून आले होते. आम्ही वर असताना ढग खाली आले. ठरलेली उंची गाठली, तरी समोर नुसतं पांढरं. अजून थोडं खाली गेलं तर? खालून अडवणारं होतं कोण? सर मांडीवर हात ठेवून बसले होते. मी विमान वर घेतलं, तसं रेडिओवर सांगितलं आणि दुसऱ्या शहरात उतरून ढसाढसा रडले. सरांनी कागद पुढे केला. त्यावर ‘पास’ लिहिलेलं होतं!

दुसऱ्या दिवशी सर स्वतः मला घरी सोडायला आले. अण्णांना काही उमजेना. ‘‘सर, पोरगी खाली आलीच नाय, मंग पास कशी झाली?’’

‘‘अण्णा, खाली तर दगडही येतो,’’ सर हसले. ‘‘कोणी अडवत नसताना तुमची लेक आपणहून वर गेली. काढा ते पेढे!’’ आणि मधुमेह विसरून त्यांनी चार पेढे खाल्ले.

पुढे मी भाड्याच्या लहान विमानांची कॅप्टन झाले. टॉवर नसलेल्या धावपट्ट्यांवरून कितीदा तरी परत फिरले. प्रवाशांनी नावं ठेवली. मुहूर्त हुकला म्हणून एक नवरदेव तर माझ्याशी कडाकडा भांडला. पण सगळे सुखरूप घरी पोचले. परवा त्याच नवरदेवाचा फोन आला. त्याची मुलगी शाळेत जायला लागली आहे. सर, या माणसांना आपलं नावही ठाऊक नाही. त्यांच्या, त्या चिमुरडीच्या आणि माझ्या वतीने मागते: आपल्याला ठणठणीत शंभरी लाभो.