बी-विंगमागचे मासे

आता माझीच फजिती मीच सांगणार आहे. तुम्ही फक्त हसताना चहा सांडू नका!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नेरूळला रोज एक इमारत उगवत होती आणि तळी बुजत होती. मी प्राणिशास्त्राची ताजी ताजी पदवीधर. जाळं घेऊन आसपासची अकरा तळी पालथी घातली. कपाळावर रुपेरी ठिपका असलेला एक दुर्मीळ, बोटभर मासा सापडला, तो फक्त एका तळ्यात, गावातल्या जनाबाईंच्या दारासमोर. आणि नेमका तिथेच भराव पडणार होता!

तळं वाचवा म्हणून सरकारकडे अर्जांवर अर्ज केले. दोन महिने उत्तर नाही. मग एके दिवशी जनाबाई म्हणाल्या, "पोरी, साहेब सोमवारी येनार हाय. मासा दिसला तर काम थांबवीन म्हनलाय."

"सरकारी साहेब आणि सोमवारी? मावशी, डंपर येईल डंपर!"

"थांब गो जरा!"

थांबते ती मी कसली? दोन दिवस कंबरभर पाण्यात उभी राहिले, शेवटचं पिल्लूसुद्धा गाळून काढलं आणि सगळे मासे आमच्या सोसायटीच्या बी-विंगमागच्या बागेतल्या हौदात सोडले. काय ती छाती फुगली होती माझी!

सोमवारी साहेब आले. हो, आलेच! तेही वेळेआधी!

"दाखवा मासा."

जाळं टाकलं. शेवाळ आलं. पुन्हा टाकलं. चप्पल आली.

"मासे कुठायत?"

"साहेब, मी… वाचवले."

"किती?"

"सगळे."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "मग हे तळं आता कोणासाठी राखायचं?"

"साहेब, जाऊ नका, मासे घेऊन आलेच!" म्हटलं आणि रिक्षा करून सोसायटी गाठली, तर सेक्रेटरी काका हौदासमोर हात पसरून उभे.

"मासे मिळणार नाहीत! हे आल्यापासून बागेत एक डास नाही."

"काका, तिकडे तळं बुजेल हो!"

"बरं, अर्धे ने. अर्धे आमचे."

दोन बादल्या सांभाळत परतले. साहेब जनाबाईंच्या ओट्यावर चहा पीत होते. मासे पाण्यात सोडले, ठिपके चमकले, आणि साहेबांनी तिथल्या तिथे काम थांबवायच्या कागदावर सही ठोकली. जिंकलो! वर फाईलमध्ये शेरा : 'आढळ – गावचे तळे व बी-विंगमागील हौद.'

आठवड्याभरात काठावर पाटी लागली : 'मासे पकडण्यास सक्त मनाई.' मी अभिमानाने वाचत उभी होते, तेवढ्यात मागून जनाबाई म्हणाल्या,

"नीट वाच गो. तुज्याचसाटी लावलीय!"